मोटारींच्या गांवीं बिऱ्हाड

जागा पाहणें ही एक विद्या आहे असें आमचे वडील म्हणत, आणि ती त्यांना चांगली अवगत होती. पुण्याच्या पेठांतून त्यांनीं आपल्या हयातींत पांच बिऱ्हाडें केलीं. प्रत्येक वेळीं त्यांचे प्रश्न ठरलेले असत: नळाला पाणी किती वेळ येतें, मालक त्याच वाड्यांत राहतो कीं अन्यत्र, आणि शेजार कसा आहे. कचेरी किती लांब, मंडई किती लांब, मुलांची शाळा किती लांब, हें त्यांनीं कधीं विचारल्याचें मला स्मरत नाहीं. विचारण्याचें कारणच नव्हतें. घरांत एक सायकल होती, आणि त्या काळीं सायकलच्या टप्प्याबाहेर फारसें पुणेंही नव्हतें.

वडिलांच्या त्या विद्येचा परदेशांत मला कितपत उपयोग झाला, तें सांगावयाचें आहे. २०२३ सालच्या जुलै महिन्यांत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं दोन वर्षांचें बिऱ्हाड करण्याचा योग आला. तेथील एका विद्यापीठानें मला पाहुणा अध्यापक म्हणून बोलाविलें होतें. मुलगा बंगळूरला नोकरीवर. तेव्हां मी आणि माझी पत्नी अशीं दोघेंच निघालों. कोणत्या पेटींत काय भरावें यावर आमच्या घरांत तीन आठवडे खल चालला होता. थालीपिठाच्या भाजणीचें वजन दोनदां करण्यांत आलें. राहावयाचें कोठें हा प्रश्न मात्र 'तिकडे गेल्यावर पाहूं' या सदरांत पडून राहिला. एका परिचितांच्या घरीं पंधरा दिवस उतरावें आणि तेवढ्यांत जागा शोधावी, असा बेत होता.

ज्यांनीं हें शहर पाहिलें नाहीं त्यांना त्याची कल्पना देणें कठीण आहे. मुंबई म्हटली कीं समुद्र आणि आगगाडीचे रूळ यांच्या आधारानें तिचें एक चित्र मनांत उभें राहतें. ह्यूस्टनला असा कणा नाहीं. सपाट फरशीवर सांडलेल्या पाण्याप्रमाणें तें चहूंकडे पसरलें आहे. त्याच्या हद्दीचें क्षेत्रफळ साडेसहाशें चौरस मैलांच्या घरांत, म्हणजे बृहन्मुंबईच्या अडीचपटींहून अधिक. वस्ती मात्र २०२० च्या शिरगणतींत तेवीस लाखांची भरली. शहराभोंवतीं हमरस्त्यांचीं तीन कडीं आहेत. पहिलें सुमारें अडतीस मैलांचें, दुसरें त्याच्या दुपटीहून मोठें, आणि तिसरें इतकें दूरचें कीं तें अद्याप पुरें जुळलेलें नाहीं. 'तुम्ही पहिल्या कड्याच्या आंत राहतां कीं बाहेर?' असें तेथील मनुष्य ओळख होतांच विचारतो. आपल्याकडे आडनांवावरून जें ताडतात, तें तेथें या उत्तरावरून ताडतात.

मौजेची गोष्ट अशी कीं, कोठें घर, कोठें दुकान आणि कोठें कारखाना असावा याची कायद्यानें केलेली आंखणी या शहराला नाहीं. अमेरिकेंतील इतर मोठ्या शहरांना ती असते. ह्यूस्टनच्या मतदारांनीं ती १९४८, १९६२ व १९९३ अशी तीन वेळां झिडकारली. त्यामुळें एखाद्या टुमदार घराच्या बाजूला मोटारदुरुस्तीचें दुकान आणि त्यापलीकडे वीस मजली इमारत दिसावयाची. पुण्याच्या माणसाला हें पाहून घरच्यासारखें वाटावयास हरकत नाहीं. परंतु या मोकळिकीचा लाभ पायीं चालणाराला होत नाहीं; कारण प्रत्येक इमारतीनें आपल्यापुढें मोटारी उभ्या करण्यास अमुक इतकी जागा सोडलीच पाहिजे, असा नियम शहराच्या बहुतेक भागांत आहे. दुकान समोर दिसतें; पण तेथें पोंचण्यासाठीं उन्हानें तापलेलें डांबराचें माळरान ओलांडावें लागतें. आम्ही उतरलों त्या ऑगस्टांत पारा १०९ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला होता.

नेहमींच असें नव्हतें. हाइट्स नांवाचें तेथील एक जुनें उपनगर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या ट्रामच्या भरंवशावर वसलें. ह्यूस्टनची शेवटची ट्राम १९४० सालीं बंद झाली. मुंबईची त्यानंतर चोवीस वर्षें टिकली. पण मुंबईला आगगाडी होती. ह्यूस्टननें पुढचीं त्रेसष्ट-चौसष्ट वर्षें केवळ रस्त्यांवर काढलीं, आणि १ जानेवारी २००४ रोजीं पुन्हा एक लहानशी रेल्वे मेन स्ट्रीटवर आणली. मधल्या काळांत रस्ते वाढले. पश्चिमेस केटी गांवाकडे जाणारा हमरस्ता २००८ पर्यंत इतका रुंद झाला कीं, बाजूचे रस्ते धरून कांहीं ठिकाणीं त्याच्या सव्वीस रांगा मोजतां येतात. एवढें केल्यावर गर्दी कायमची हटली असेल असें वाचकांना वाटेल. ती थोड्याच वर्षांत परत आली. रस्ता रुंद झाला कीं दूरची जमीन जवळची वाटूं लागते, तेथें घरें उठतात, आणि त्या घरांतल्या मोटारी त्याच रस्त्यावर उतरतात. शहरांतील द्रुतगति रस्ता कितीही मोठा करा, ऐन वेळची गर्दी त्याला भरूनच टाकते, हें अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९६२ सालींच सांगून ठेविलें होतें. लग्नाच्या पंगतीचा ज्याला अनुभव आहे त्याला हा सिद्धांत नवा वाटूं नये.

आमच्या यजमानांचें घर नैर्ऋत्येस शुगर लँड येथें. गांव नांवाप्रमाणें खरोखरच साखरेचें होतें. तेथील साखरेचा जुना कारखाना २००३ सालीं बंद झाला. आतां त्या भागांत तळीं, हिरवळी आणि एकमेकांची जुळीं भावंडें शोभावींत अशीं घरें आहेत. भारतीय कुटुंबें पुष्कळ. शेजारच्या स्टॅफर्डला स्वामिनारायणाचें भव्य मंदिर. शाळांची ख्याति मोठी. आणि गणपतीच्या दिवसांत मराठी कानीं पडतें. यजमान फार अगत्याचे. त्यांनीं आम्हांसाठीं आपल्याच वस्तींत एक जागा हेरून ठेविली होती.

रविवारीं दुपारीं आम्हीं ती पाहिली. दोन शयनगृहें, मागें अंगण, अंगणाच्या टोकाला तळें, आणि स्वयंपाकघर असें ऐसपैस कीं पुण्याची आमची बैठकीची खोली त्यांत सहज मावली असती. भाडें महिना १,७५० डॉलर.

"सर, तुमचं विद्यापीठ इथून फक्त पंचवीस मिनिटं," यजमान म्हणाले. खरोखरच, त्या दुपारीं तेवढींच लागलीं होतीं.

पत्नी इतका वेळ खिडकीशीं उभी राहून तळ्याकडे पाहत होती. तिनें विचारलें, "कोथिंबीर आणायला कुठं जायचं?"

"वहिनी, कोथिंबिरीची कसली काळजी! दहा मिनिटांवर सगळं मिळतं."

"चालत?"

यजमान हंसले. मग हा विनोद नव्हे हें ध्यानांत येऊन म्हणाले, "चालत कोणी जात नाहीं हो इथं. पण तुम्ही केव्हांही हांक मारा, आम्ही कुणी ना कुणी येऊच."

हे शब्द त्यांनीं मनापासून उच्चारले होते, आणि पुढें दोन वर्षें त्यांनीं ते खरेही करून दाखविले. तरीही परततांना पत्नी मोटारींत अबोल होती. ती पंचवीस वर्षें शाळेंत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. पुण्यांत तिची स्वतःची दुचाकी आहे. बँक, मंडई, वाचनालय, भिशी, आजारी नणंदेची चौकशी, हें सारें ती त्या दुचाकीवरून करते, आणि कोणाला सांगून करते असें नाहीं. कोथिंबीर हा तिचा खरा प्रश्न नव्हता. जुडीभर कोथिंबिरीसाठीं ज्या घरांतून दुसऱ्याला हांक मारावी लागते, त्या घरांत आपण कोण, असा तो प्रश्न होता.

तिनें मोटार चालवावयास शिकावें, ही सूचना अर्थातच सर्वांनीं केली. ती शिकण्यास तयारही होती. परंतु अठरा चाकांच्या मालमोटारींमधून ताशीं सत्तर मैलांच्या वेगानें जाणें, आणि तेंही रस्त्याच्या उलट्या बाजूनें, हा पन्नाशी उलटल्यावर घेण्याजोगा पहिला धडा नव्हे. फोनवर बोट टेकवितांच दारीं येणारी भाड्याची मोटार आहे. पण तिचें भाडें रुपयांत मोजण्याची संवय सुटेपर्यंत मनुष्य तींत बसत नाहीं, आणि ती संवय कांहीं दोन वर्षांत सुटत नाहीं.

यजमानांची नोकरी माझ्या विद्यापीठाजवळच होती. मीं त्यांना विनंति केली कीं, मंगळवारीं त्यांच्या नेहमींच्या वेळीं मला बरोबर न्यावें. सकाळीं साडेसातला निघालों. रविवारच्या पंचवीस मिनिटांचीं पंचावन्न झालीं. संध्याकाळीं वाटेंत कोठेंसा अपघात झाला होता, तेव्हां सत्तर. दोन्ही वेळां यजमान म्हणाले, "आज जरा जास्तच झालं." पुढें मला कळून आलें कीं हें वाक्य त्या शहरांत रोज, आणि प्रत्येक जण, म्हणत असतो. त्या गांवीं अंतर कोणी मैलांत सांगत नाहीं. मिनिटांत सांगतात, आणि तीं मिनिटें सदैव कोणत्या तरी रविवारचीं असतात. म्हणून जागा शोधणाराला माझें सांगणें असें कीं, घर खुशाल रविवारीं पाहावें. रस्ता मंगळवारीं पाहावा.

त्या रात्रीं पत्नीनें एका पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. पंचावन्न आणि सत्तर मिळून सव्वाशें मिनिटें; आठवड्याचे पांच दिवस; वर्षाचे अडतीस आठवडे. उत्तर सुमारें चारशें तास आलें. "म्हणजे अहोरात्र बसलांत तर साडेसोळा दिवस," ती म्हणाली. "तुमचे रस्त्यावर जातील. तेवढेच माझे खिडकींत जातील, ते यांत धरलेले नाहींत."

या विषयावर विद्वानांनीं बरेंच लिहिलें आहे. सेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञानें १९९४ सालीं असें मत मांडलें कीं, मनुष्य पायीं चालो वा मोटारीनें, दिवसाकांठीं साधारण एक तास तो प्रवासांत घालवितो. वाहनाचा वेग वाढला कीं तो वेळ वाचवीत नाहीं, घर लांब नेतो. झ्यूरिकचे ब्रूनो फ्राय आणि अलोइस श्टुट्झर या दोघांनीं जर्मनींतील कुटुंबांची माहिती तपासून २००४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. अर्थशास्त्राप्रमाणें पाहतां, लांबच्या प्रवासाचा त्रास मोठ्या घरानें किंवा मोठ्या पगारानें भरून निघावयास हवा. नाहीं तर मनुष्य तो पत्करील कशाला? या दोघांना तसें आढळलें नाहीं. ज्यांचा प्रवास लांबचा, तीं माणसें आपल्या आयुष्याविषयीं कमी समाधानी निघालीं. घरांतील दुसऱ्या व्यक्तीच्या समाधानांत ती भरपाई कोठें लपली आहे काय, हेंही त्यांनीं पाहिलें. तेथेंही ती सांपडली नाहीं. हा निबंध मीं पत्नीला वाचून दाखविला. "यासाठीं झ्यूरिकला जायला हवं होतं का?" एवढेंच ती म्हणाली.

त्याच आठवड्यांत आम्ही केटीला एका मराठी कुटुंबाकडे जेवावयास गेलों. घर राजवाड्यासारखें. मुलगा व सून दोघेंही उच्च पदावर. दोघांच्या दोन मोटारी. नातवंडें दिवसभर शाळेंत. घरांत साताऱ्याकडच्या सत्तरीच्या आजी होत्या. जेवणानंतर पुरुषमंडळी रस्त्यांविषयीं बोलत असतां (तेथें पुरुषमंडळी पुष्कळदां रस्त्यांविषयींच बोलतात) त्या पत्नीला घेऊन वरच्या खिडकीशीं बसल्या. त्यांचें बोलणें पत्नीनें मला नंतर सांगितलें. "सगळं आहे गं," त्या म्हणाल्या होत्या. "मुलगा गुणी, सून गुणी. पण सकाळीं आठला दार बंद होतं तें सातला उघडतं. रस्ता दिसतो, रस्त्यावर माणूस दिसत नाहीं. पलीकडची बाई कुत्र्याला घेऊन निघते तेवढीच. ती निघाली कीं मी औषधाची गोळी घेते, घड्याळ बघायला लागत नाहीं." आजींची कोणाबद्दल तक्रार नव्हती. तिचें निवारण करण्यासारखें त्या घरांत कोणाच्या हातीं कांहीं नव्हतेंही. तें घर जेव्हां निवडलें गेलें तेव्हां आजी साताऱ्यास होत्या.

आतां पाण्याविषयीं. माझ्या वडिलांनीं १९६१ नंतर आपल्या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घातली होती. त्या वर्षीं १२ जुलैला पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठेंतलें त्यांचें बिऱ्हाड, भांड्यांसकट, गेलें. तेव्हांपासून जागा पाहतांना ते जिन्याच्या पायऱ्यांकडे बोट दाखवून विचारीत, "पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं?" ह्यूस्टनमध्यें हा प्रश्न मला जसाच्या तसा उपयोगी पडला. २०१७ च्या ऑगस्टांत हार्वी वादळानें त्या शहराच्या कित्येक भागांवर चार-पांच दिवसांत चाळीस इंचांहून अधिक पाऊस ओतला. आमच्या पुण्यास वर्षांतही तेवढा पडत नाहीं. शहराच्या पश्चिमेस अ‍ॅडिक्स व बार्कर या नांवांचे, १९४० च्या दशकांत बांधलेले दोन मोठे मातीचे बांध आहेत. एरवीं त्यांच्या पोटांत पाणी नसतें. झाडें असतात, खेळण्याचीं मैदानें असतात. पूर आला तरच तें पोट भरावयाचें. त्या पोटाच्या कडेला, म्हणजे पाणी चढलें तर जेथें पोंचेल अशा जागीं, मध्यंतरीं हजारों घरें बांधलीं गेलीं आणि विकलीं गेलीं. हार्वीच्या वेळीं बांधांमागचें पाणी त्यांत शिरलें. बांध वांचविण्यासाठीं तें सोडावें लागलें तेव्हां खालचींही बुडालीं. दक्षिणेकडील मेयरलँड भागांत तर २०१५, २०१६ आणि २०१७ अशीं लागोपाठ तीन वर्षें घरांत पाणी आलें.

टेक्सासांत २०२२ पासून असा कायदा आहे कीं, गेल्या पांच वर्षांत जागेचें पुरानें नुकसान झालें असल्यास घरमालकानें भाडेकरूस तें लेखी कळवावें. कायदा चांगला आहे. परंतु आम्ही जागा पाहत होतों ती २०२३ सालीं, आणि हार्वीला तेव्हां सहा वर्षें होत आलीं होतीं. कायद्याच्या दृष्टीनें तें वादळ विस्मृतींत गेलें होतें. म्हणून मी मालकांना पांच वर्षांचें विचारीत नसें. वडिलांप्रमाणें पायरीच विचारीत असें. पुष्कळ जण प्रामाणिकपणें सांगत. एका घरीं मालकानें कांहीं न बोलतां भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर हात ठेविला. त्या रेषेखालचा रंग वरच्याहून नवा होता.

शेवटीं जी जागा आम्हीं घेतली ती हर्मन पार्कच्या उत्तरेस, संग्रहालयांच्या भागांत, रेल्वेच्या स्टेशनपासून चारशें पावलांवर. (पावलें पत्नीनें मोजलेलीं आहेत.) चौथा मजला, शयनगृह एकच, स्वयंपाकघरांत दोन माणसें एका वेळीं उभीं राहिलीं तर एकानें हात बांधून राहावें. भाडें तेंच, १,७५० डॉलर. त्यांतलें अंगण व तळें वजा. दर कांहीं मिनिटांनीं खालून रेल्वेची घंटा ऐकूं येई. यजमानांना वाईट वाटलें. 'आपल्या माणसांत' राहण्याचें सोडून आम्ही एकीकडे गेलों, असें आणखीही कांहीं मंडळींना वाटलें, आणि त्यांत तथ्य नव्हतें असें मी म्हणणार नाहीं. पहिल्या गणेशोत्सवाला आम्ही पंचवीस मैल दुसऱ्याच्या मोटारींत बसून गेलों आणि आरती संपण्यापूर्वीं निघालों, कारण मोटारवाल्यांना सकाळीं लवकर उठावयाचें होतें. दिवाळीचा फराळ पत्नीनें एकटीनें केला. मराठी बोलण्याची भूक तिला फोनवर भागवावी लागे. जवळच्या घराची किंमत आम्हीं या नाण्यांत मोजली.

मिळालें काय, तें सांगतों. मी सव्वा डॉलराचें तिकीट काढून दहा मिनिटांत विद्यापीठांत पोंचत असें, आणि परततांना बागेंतून चालत येत असें. परंतु ही गौण गोष्ट. सप्टेंबरअखेर पत्नीला ती रेल्वे, तिचीं स्टेशनें आणि बसचे दोन मार्ग तोंडपाठ झाले. हर्मन पार्क हें जॉर्ज हर्मन नांवाच्या गृहस्थानें १९१४ सालीं शहराला दिलेल्या जमिनींतून वाढलेलें सुमारें साडेचारशें एकरांचें उद्यान आहे. त्याच्यांतील उघड्या नाट्यगृहांत नाच, गाणें, नाटक विनामूल्य असतें. हिरवळीवर जाऊन बसावें. ललितकलांच्या संग्रहालयांत गुरुवारीं प्रवेशमूल्य नसतें. तेव्हां गुरुवार तिनें त्याच्याकरितां राखून ठेविला. एका चित्रापुढें ती पाऊण तास बसे आणि घरीं येऊन मला त्यांतल्या चुका सांगे. भूमितीच्या, अर्थात्.

पायीं जाण्याच्या टप्प्यांत एक मेक्सिकन वाणी होता. त्याच्याकडे कोथिंबीर मिळे, हिरव्या मिरच्या मिळत, चिंचही मिळे. तिथली म्हातारी गल्ल्यावर बसे. तिला इंग्रजी बेताचें येत होतें, आमच्या घरांतून तिला स्पॅनिश शून्य. परंतु तीन महिन्यांत दोघींनीं एकमेकींच्या सुनांविषयीं (आमची अजून व्हावयाची आहे) सविस्तर माहिती करून घेतली होती, ती कोणत्या भाषेंत हें मला उलगडलें नाहीं. हिल्क्रॉफ्ट रस्त्याच्या भागाला २०१० पासून महात्मा गांधींचें नांव आहे. तेथें भारतीय दुकानें ओळीनें आहेत. गोडा मसाला, पोहे यांसाठीं महिन्यांतून एखाद्या शनिवारीं आम्ही भाड्याच्या मोटारीनें तेथें जात असूं. कोथिंबिरीसाठीं कोणालाही हांक मारावी लागली नाहीं.

तेथलें चालणें सुखाचें होतें असा समज मात्र होऊं नये. फरसबंद पायवाट दोन घरांपुढें असते आणि तिसऱ्या घरापुढें नाहींशी होते. जून ते सप्टेंबर दुपारीं बाहेर पडणें म्हणजे भट्टींत शिरणें. रात्रीं नऊनंतर स्टेशनावर पत्नीला एकटीला मी जाऊं देत नसें, आणि तीही जात नसे. चौकांत हिरवा दिवा पायींवाल्यांसाठीं लागला तरी उजवीकडे वळणारा मोटारवाला डावीकडेच पाहत असतो. त्याच्या डोळ्याला डोळा भिडल्यावांचून पाऊल टाकूं नये, हें तिला वाण्याकडच्या त्या म्हातारीनेंच शिकविलें.

आणि मोटारीचे उपकारही सांगितले पाहिजेत. ८ जुलै २०२४ रोजीं बेरिल वादळ आलें. वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. कित्येकांची आठवडाभर आली नाहीं. रेल्वे थांबली. आमच्या इमारतींतला पाळणा बंद. खोलींत वारा नाहीं. शेजारच्या कोरियन विद्यार्थ्यानें आपल्या गॅसच्या छोट्या शेगडीवर सबंध मजल्याला चहा करून दिला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं, पेट्रोलच्या दुकानांपुढें मोटारींच्या रांगा लागल्या असतांना, शुगर लँडचे आमचे यजमान स्वतःच्या टाकींतलें पेट्रोल जाळीत आम्हांला न्यावयास आले. त्यांच्याकडे जनित्र होतें. पत्नीनें हांक मारली नव्हती. तीन रात्रीं आम्ही त्यांच्याकडे राहिलों, आणि त्या तळ्याकांठच्या स्वयंपाकघरांत दोघी बायकांनीं मिळून पुरणपोळ्या केल्या. तें स्वयंपाकघर खरोखरच फार सोयीचें होतें.

आम्ही २०२५ च्या जूनमध्यें परत आलों. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं नागपूरच्या एका तरुण प्राध्यापकानें मला लिहिलें कीं, तोही सहकुटुंब ह्यूस्टनला चालला आहे. दोन मुलें शाळेच्या वयाचीं. केटीकडे घर घ्यावें असें सर्व जण सांगतात. आपलें मत काय? मुलांच्या शाळेपुढें माझ्यासारख्याच्या बागेचा आणि संग्रहालयाचा पाड लागत नाहीं. तसें मीं त्याला कळविलें. त्या बाजूच्या कांहीं ठिकाणांहून, आपली मोटार एका मोठ्या तळावर उभी करून, वेगळ्या रांगेनें शहरांत जाणारी बस मिळते, तिची चौकशी करावी. पुराचें पाणी २०१७ सालीं कोठवर आलें होतें तें विचारावें. आणि मंगळवारीं सकाळीं रस्ता पाहावा, असेंही लिहिलें. पत्र पाठविण्यापूर्वीं पत्नीनें वाचलें आणि शेवटीं एक ओळ घालावयास सांगितली: दुसरी मोटार पहिल्याच महिन्यांत घ्यावी, आणि परवाना आधीं बायकोचा काढावा.

आठ दिवसांनीं त्याचें आभाराचें उत्तर आलें. बाकीच्या सर्व सूचना त्याला पटल्या होत्या. मोटार मात्र तूर्त एकच घेणार होता. वर्षभरांत जम बसला म्हणजे दुसरीचें पाहतां येईल, असें त्यानें लिहिलें होतें.

पत्नीनें तें उत्तर वाचलें, चष्मा काढला आणि मला विचारलें, "अहो, त्याच्या बायकोचा नंबर आहे का तुमच्याकडे?"